नोरा, मारिया इसाबेल आणि आपण

(‘मालिका आणि स्त्रीप्रतिमा’ या विषयावरच्या अभ्यासशिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

कालच्या गटचर्चेत दोन मतं सारखी पुढे येत होती. काही जणींचं म्हणणं होतं की, मालिकांनी बायकांचं डोकं बिघडवलंय. वस्तीत संध्याकाळी बैठक ठेवली तर निम्म्या बायका टीव्ही सोडून उठत नाहीत. दुसऱ्या काही जणी म्हणत होत्या, मग मालिकाच आपल्या हातात घ्यायला हव्यात, त्यांतूनच चांगला संदेश द्यायला हवा. म्हणजे एका गटाच्या मते मालिका हे विष आहे आणि दुसऱ्या गटाच्या मते औषध. दोन्ही गटांनी एक गोष्ट मात्र गृहीत धरली आहे. टीव्हीपुढे बसलेली बाई म्हणजे रिकामं भांडं आणि वरून जे ओताल ते त्यात साठणार!

आज मी एका नटीची गोष्ट सांगणार आहे. ती आपल्याकडची नाही, मेक्सिकोची आहे. तिचं नाव सिल्विया देर्बेस. आपल्यापैकी बहुतेकींनी हे नाव ऐकलेलं नसेल. पण मेक्सिकोतली पहिली रोजची टीव्ही मालिका तिच्या नावावर आहे, आणि आपल्या ‘हम लोग’चं मूळ ज्या प्रयोगांमध्ये आहे त्यांतही तिने काम केलंय. तिच्या पन्नास वर्षांहून अधिक काळाच्या कामाकडे पाहिलं की कालची आपली दोन्ही मतं तपासून बघता येतात.

सिल्वियाचा जन्म सान लुईस पोतोसी या शहरातला, तारीख ८ मार्च १९३२. हो, ८ मार्चच! वडील फ्रेंच, आई मेक्सिकन. गोरा रंग आणि नाजूक चेहरा. हा रंग लक्षात ठेवा, पुढे त्याच्याबद्दल बोलायचं आहे.

ती सिनेमात आली तेव्हा वय जेमतेम सोळा-सतरा. १९४९ साली ‘सालोन मेहिको’ नावाचा सिनेमा आला. दिग्दर्शक एमिलिओ फेर्नांदेस. आजही तो मेक्सिकन सिनेमाच्या सुवर्णकाळातला महत्त्वाचा सिनेमा मानला जातो. त्यात दोन बहिणी आहेत. थोरली मेर्सेदेस नाचघरात पैसे घेऊन पुरुषांबरोबर नाचते, त्यांचा छळ सोसते आणि त्या कमाईवर धाकटीला श्रीमंत मुलींच्या वसतिगृहाच्या शाळेत शिकवते. धाकटीला यातलं काहीच माहीत नाही. ताई मोठ्या हुद्द्यावर असेल, कामासाठी फिरत असेल, अशी तिची समजूत. शेवटी थोरली मरते आणि धाकटीचं चांगल्या घरात लग्न ठरतं. ही धाकटी म्हणजे सिल्विया.

ही कथा आपल्याला अनोळखी नाही. एका बाईचं पावित्र्य टिकावं म्हणून दुसऱ्या बाईने स्वतःला विकायचं आणि समाजाने एकीला देवघरात आणि दुसरीला गटारात टाकायचं. मुलगी आणि ‘तसली बाई’ अशी ही वाटणी आपल्याकडच्या तमाशापटांतही होती. सिल्वियाच्या वाट्याला पहिल्यांदा पवित्र बाजू आली. दहा वर्षांच्या आत तिला दुसऱ्या बाजूला उभं राहावं लागलं.

१९५८च्या जून महिन्यात मेक्सिकोच्या टीव्हीवर ‘सेंदा प्रोहिबिदा’ नावाची मालिका सुरू झाली. ‘सेंदा प्रोहिबिदा’ म्हणजे निषिद्ध वाट. लिहिणारी एक बाईच होती, फेर्नांदा बियेली. पैसे साबण आणि टूथपेस्ट विकणाऱ्या कोलगेट-पामोलिव्ह कंपनीचे. दुपार-संध्याकाळी घरात असणारी बाई हे या कंपन्यांचं गिऱ्हाईक. ती टीव्हीपुढे बसावी म्हणून गोष्ट हवी होती. आधी रेडिओवर हेच चालत असे, तेच आता टीव्हीवर आलं. सगळा खेळ थेट प्रक्षेपणाचा होता. चित्रीकरण करून ठेवायची सोय नव्हती, त्यामुळे आज ती मालिका कुणालाच बघता येत नाही.

या मालिकेतली नोरा म्हणजे सिल्विया. लहान गावातून राजधानीत आलेली, ऑफिसात सेक्रेटरीची नोकरी करणारी तरुण मुलगी. तिचे आणि लग्न झालेल्या श्रीमंत मालकाचे संबंध जुळतात. तो तिच्यावर पैसा उधळतो, त्याचा संसार मोडकळीला येतो. शेवटी तो बायकोकडे परततो, घर त्याला पदरात घेतं आणि नोरा एकटी उरते. पुरुषाला माफी, बाईला शिक्षा. हे गणित कुठल्याही देशात सारखंच सुटतं!

असं सांगितलं जातं की, त्या दिवसांत लोक सिल्वियाला रस्त्यात गाठून नोरा समजून शिव्या घालत. त्यांत बायकाही असत. मालकाचं काम करणाऱ्या नटावर लोक धावून गेल्याचं मात्र कुणी सांगत नाही.

आता तो काळ बघा. मेक्सिकोत स्त्रियांना मताचा पूर्ण हक्क १९५३ साली मिळाला. राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत त्यांनी पहिल्यांदा मत दिलं ते ६ जुलै १९५८ रोजी. म्हणजे ज्या दिवसांत बायका पहिल्यांदा देशाचा अध्यक्ष निवडायला मतदान केंद्रावर चालल्या होत्या, त्याच दिवसांत टीव्ही त्यांना सांगत होता की, घर सोडून नोकरीला निघालेल्या मुलीची वाट निषिद्ध आहे. हा कुणी मुद्दाम रचलेला कट होता असं मी म्हणत नाही. पण बाई उंबऱ्याबाहेर पडू लागली की तिला घाबरवणाऱ्या गोष्टींचा खप वाढतो, हा अनुभव आपला सगळ्यांचाच आहे.

इथे एक तपशील सांगायला हवा. मेक्सिकोच्या मालिकांमध्ये वर्षानुवर्षं एक पद्धत होती. नटांच्या कानात छोटं यंत्र बसवलेलं असे. आत बसलेला माणूस वाक्यं वाचत जाई आणि नट ती लगोलग म्हणत. रोज नवा भाग करायचा तर पाठांतराला वेळ कुठून आणणार? म्हणजे पडद्यावर रडणाऱ्या, भांडणाऱ्या, शाप देणाऱ्या बाईच्या कानात सतत दुसऱ्याचा आवाज चालू असे. मला ही गोष्ट कळल्यापासून कुठलीही मालिका बघताना मनात प्रश्न येतो : हिच्या कानात कोण बोलतंय? आणि त्याला पैसे कोण देतंय?

१९६६ साली सिल्वियाला तिची गाजलेली भूमिका मिळाली, ‘मारिया इसाबेल’. मूळ गोष्ट योलांदा बार्गास दुल्चे या लेखिकेची. ती चित्रकथांच्या साप्ताहिकांमधून लिहीत असे आणि तिचा वाचकवर्ग अफाट होता. मारिया इसाबेल ही आदिवासी मुलगी. जमीनदाराच्या मुलीशी तिची मैत्री आहे. ती मुलगी लग्नाआधी गरोदर राहते, बाप तिला टाकतो, ती मरते आणि मागे राहिलेलं बाळ मारिया इसाबेल पदरात घेते. बाळाला घेऊन ती राजधानीत येते आणि मोलकरणीचं काम करते. ज्या मुलीसाठी ती राबते, तिलाच मोठी झाल्यावर या आईची लाज वाटू लागते. शेवटी ज्या घरी ती कामाला असते, तिथला विधुर मालक तिच्या प्रेमात पडतो आणि तिच्याशी लग्न करतो.

ही गोष्ट मेक्सिकोच्या बायकांनी डोक्यावर घेतली. आपण तिला सहज नावं ठेवू शकतो : सोशिक बाई, त्यागाची मूर्ती, मालकाशी लग्न हाच उद्धार. ते सगळं खरंच आहे. पण एवढं म्हणून थांबलो तर चूक होईल. त्या काळात खेड्यांतून हजारो मुली मेक्सिको शहरात घरकामाला येत होत्या. घरातल्या मागच्या खोलीत राहायचं, पहाटेपासून रात्रीपर्यंत काम, सुट्टी मालकिणीच्या मर्जीवर. या मुलींनी पहिल्यांदा पाहिलं की, गोष्टीची नायिका आपल्यासारखी कामवाली असू शकते. तिला नाव असू शकतं, तिच्या बाजूने लोक रडू शकतात. एरवी मोलकरीण म्हणजे ट्रे घेऊन येणारी आणि निघून जाणारी!

पण या नायिकेचा चेहरा कुणाचा होता? फ्रेंच बापाच्या गोऱ्या मुलीचा. सिल्विया तेव्हा चौतीस वर्षांची होती. तिने ती आदिवासी मुलगी मनापासून उभी केली, यात शंका नाही. पुढे १९६८ साली या गोष्टीवर सिनेमा निघाला, त्यात सिल्विया पिनाल. १९९७ साली पुन्हा मालिका झाली, त्यात आदेला नोरिएगा. दोघीही गोऱ्याच. तीस वर्षांत तीन मारिया इसाबेल झाल्या आणि त्यांत एकही आदिवासी नाही. म्हणजे कामवालीची व्यथा चालेल, तिचा पोशाख चालेल, तिची बोली चालेल, पण तिचा चेहरा चालणार नाही. आपल्याकडे दलित आणि आदिवासी नायिकांची कामं कोण करतं, हा प्रश्न मी इथे नुसता मांडून ठेवते. चर्चेत त्यावर बोलू.

आता गोष्टीचा दुसरा भाग. १९६९ साली पेरू देशात ‘सिम्प्लेमेन्ते मारिया’ नावाची मालिका गाजली. तीही खेड्यातून आलेल्या मोलकरणीची. ही मारिया मात्र रात्रीच्या वर्गाला जाते, लिहायला-वाचायला शिकते, शिवण शिकते आणि शिवणयंत्रावर स्वतःच्या पायांवर उभी राहते. ती बघून शिवणाच्या वर्गांना मुलींची गर्दी झाली, शिवणयंत्रांचा खप वाढला. मालिकेतल्या मारियाच्या लग्नाचं चित्रीकरण लिमा शहरातल्या एका चर्चमध्ये होतं, तर हजारो लोक ठेवणीतले कपडे घालून खऱ्या लग्नाला यावं तसे आले!

मेक्सिकोतल्या मिगेल साबिदो या नाटक-टीव्हीच्या माणसाने यावरून विचार केला. नुसत्या गोष्टीने बायका शिवण शिकायला जात असतील, तर हेच जाणीवपूर्वक का करू नये? त्याने एक पद्धत बसवली. गोष्टीत काही पात्रं चांगली, काही वाईट आणि एक-दोन मधली, अडखळत शिकणारी. प्रेक्षकांनी स्वतःला या मधल्या पात्रात पाहावं. भागाच्या शेवटी एखादी प्रसिद्ध व्यक्ती येऊन सांगणार की, ही मदत अमुक ठिकाणी मिळते. तेलेबिसा या मोठ्या टीव्ही कंपनीने त्याला संधी दिली.

यातली पहिली मालिका ‘बेन कोन्मिगो’, म्हणजे ‘माझ्याबरोबर ये’, १९७५-७६ साली आली. विषय प्रौढ साक्षरता. तिच्यात सिल्विया होती. एका भागात सांगितलं गेलं की, सरकारी केंद्रावर अभ्यासाची पुस्तकं फुकट मिळतात. दुसऱ्या दिवशी सुमारे २५,००० माणसं त्या केंद्रावर लोटली. रस्ते तुंबले आणि पुस्तकं संपली.

पुढची मालिका ‘आकोम्पान्यामे’, म्हणजे ‘मला सोबत कर’, १९७७-७८ साली. विषय कुटुंबनियोजन. याही मालिकेत सिल्विया होती. ज्या बाईला एकेकाळी संसार मोडणारी म्हणून शिव्या पडल्या, तीच आता संसाराच्या आत शिरून विचारत होती की, मुलं किती, हे कुणी ठरवायचं? मालिका चालू असताना कुटुंबनियोजन केंद्रांवर नाव नोंदवणाऱ्या बायका सुमारे एकतृतीयांशाने वाढल्या, असं तिचे पुरस्कर्ते सांगतात.

हे आकडे ऐकून कालचा दुसरा गट खूश झाला असेल. पण जरा थांबा. हे कशामुळे घडलं ते बघू. १९७० च्या सुमाराला मेक्सिकोत एका बाईला सरासरी सहाहून जास्त मुलं होत. सरकारचं जुनं धोरण लोकसंख्या वाढवण्याचं होतं. ते १९७४ साली बदललं आणि त्याच वर्षी राज्यघटनेत दुरुस्ती झाली. स्त्री-पुरुष कायद्यापुढे समान आहेत आणि किती मुलं व्हावीत, किती अंतराने व्हावीत, हे ठरवण्याचा हक्क प्रत्येक व्यक्तीला आहे, असं घटनेच्या चौथ्या कलमात लिहिलं गेलं. १९७५ साली तर संयुक्त राष्ट्रांची पहिली जागतिक स्त्री परिषद मेक्सिको शहरातच भरली. सरकारी दवाखान्यांत साधनं मिळू लागली ती याच काळात. म्हणजे मालिकेने ‘जा’ म्हणून सांगितलं, तेव्हा जायला जागा होती. दार उघडलेलं होतं. उद्या टीव्हीने सांगितलं, वारसाहक्क मागा, आणि तलाठी कार्यालयात बाईला कुणी उभंच केलं नाही, तर त्या संदेशाचं काय होणार?

दार उघडं असलं तरी आत काय होतं तेही विचारायला हवं. मेक्सिकोत आदिवासी बायकांना नीट माहिती न देता, त्यांची खरी संमती न घेता तांबी बसवली, शस्त्रक्रिया केल्या, अशा तक्रारी वर्षानुवर्षं होत राहिल्या. शेवटी २००२ साली तिथल्या राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाला संमतीबद्दल सर्व राज्यांना शिफारस करावी लागली. पडद्यावर ‘तू ठरव’ आणि दवाखान्यात ‘आम्ही ठरवलं’! पडद्यावरच्या गोऱ्या बाईला जे विचारलं गेलं, ते डोंगरातल्या मारिया इसाबेलला विचारलं गेलं नाही.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. मेक्सिको शहरात ती परिषद चालू असतानाच, २५ जून १९७५ च्या रात्री, आपल्याकडे आणीबाणी लागू झाली. १९७६-७७ या एका वर्षात ८० लाखांहून जास्त नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. त्यात सक्ती किती होती, हे आपल्यातल्या मोठ्या वयाच्या कार्यकर्त्यांना आठवत असेल. त्याच १९७५च्या ऑक्टोबरमध्ये, आणीबाणी असतानाही, पुण्यात संयुक्त स्त्रीमुक्ती संघर्ष परिषद भरली. आपल्या चळवळीची एक सुरुवात तिथली आहे. म्हणून मेक्सिको मला फार लांबचा वाटत नाही.

आणीबाणीनंतर कुटुंबनियोजन हा शब्द उच्चारायची सरकारला भीती वाटू लागली होती. अशा वेळी मेक्सिकोतल्या या प्रयोगाची माहिती दिल्लीला पोचली. माहिती खात्याच्या सचिवांनी तिथे जाऊन तो पाहिला, साबिदोने दिल्लीत येऊन कार्यशाळा घेतली आणि ७ जुलै १९८४ रोजी दूरदर्शनवर ‘हम लोग’ सुरू झाली. लेखक मनोहर श्याम जोशी. १५६ भाग झाले. पैसे या वेळी साबणाचे नव्हते, दोन मिनिटांत होणाऱ्या शेवयांचे होते. शेवटी अशोककुमार येऊन चार शब्द सांगत, ती जागा साबिदोच्या पद्धतीतूनच आलेली. पहिल्या काही भागांतला कुटुंबनियोजनाचा उपदेश लोकांना रुचला नाही, म्हणून तो कमी करण्यात आला.

‘हम लोग’ मधली भागवंती आठवते? दारुड्या नवऱ्याचं सगळं सोसणारी, सासूचं ऐकणारी आई. मालिका करणाऱ्यांचा हेतू असा होता की, तिची अवस्था बघून बायकांनी म्हणावं, असं जगायचं नाही. घडलं काय, तर अनेक प्रेक्षकांनी भागवंतीलाच आदर्श मानलं! अभ्यासकांनी हे नोंदवून ठेवलंय. आता सांगा, बाई हे रिकामं भांडं आहे का? भांडं असतं तर जे ओतलं तेच निघालं असतं. बाई मालिका बघते ती आपलं आयुष्य बरोबर घेऊन. ज्या बाईला नवऱ्याचं घर सोडून जायला जागाच नाही, तिला भागवंतीचं सोसणं हाच एकमेव मोठेपणा वाटतो. त्यात तिचं अज्ञान नाही. तिचा तो हिशेब आहे. जायला जागा झाली की हिशेब बदलतो.

सिल्विया पुढेही काम करत राहिली. १९८९ साली ‘सिम्प्लेमेन्ते मारिया’ मेक्सिकोत नव्याने झाली, तिच्यात ती होती. १९९५ साली ‘लासोस दे आमोर’मध्ये होती. नायिकेच्या भूमिका गेल्या, आईच्या आणि आजीच्या आल्या. पुरुष नट साठीतही नायक असतो, बाई चाळिशीतच आई होते, हे तिथेही आहेच. २००१ सालची ‘ला इंत्रुसा’ ही तिची शेवटची मालिका. ६ एप्रिल २००२ रोजी फुप्फुसाच्या कर्करोगाने तिचं निधन झालं. मृत्यूआधी काही महिन्यांपर्यंत ती काम करत होती.

आज बातम्यांमध्ये तिची ओळख बहुतेक वेळा ‘एउखेनिओ देर्बेसची आई’ अशी दिली जाते. तो तिथला मोठा विनोदी नट, हॉलिवूडमध्येही काम केलेला. ‘अमक्याची आई’ हे वाचून मला आधी राग आला होता. मग एक गोष्ट लक्षात आली. मेक्सिकोत माणसाला दोन आडनावं असतात, आधी वडिलांचं, मग आईचं. रोजच्या वापरात वडिलांचं राहतं, आईचं बहुधा गळतं. या मुलाचं कागदोपत्री नाव एउखेनिओ गोन्सालेस देर्बेस. पण त्याने लावलं ते आईचं आडनाव. त्याची मुलंही नट आहेत आणि तीही आजीचंच आडनाव लावतात. नोराला पडद्यावर कुणाचं नाव मिळालं नाही. नोराचं काम करणारीचं नाव मात्र तीन पिढ्या चालू आहे.

आता शेवटचा मुद्दा. मारिया इसाबेलचं पुढे काय झालं? पडद्यावरच्या नाही, खऱ्या.

ओआहाका या प्रांतातून एक आदिवासी मुलगी चौदाव्या वर्षी मेक्सिको शहरात घरकामाला आली. तिचं नाव मार्सेलिना बाउतिस्ता. वीसेक वर्षं तिने लोकांच्या घरी राबून काढली. मालक तिच्या प्रेमात पडला नाही, तिने वाटही पाहिली नाही! २००० साली तिने घरकामगार बायकांसाठी एक केंद्र सुरू केलं. २०१५ साली घरकामगारांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. मेक्सिकोत २० लाखांहून जास्त घरकामगार आहेत आणि त्यांत दहातल्या नऊ बायका. कायद्याने त्यांना सामाजिक सुरक्षेतून बाहेर ठेवलेलं होतं. ५ डिसेंबर २०१८ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हे वगळणं घटनाविरोधी ठरवलं. हा खटला कुणी चालवला, ठाऊक आहे? पन्नासहून अधिक वर्षं घरकाम केलेल्या एका म्हाताऱ्या मोलकरणीने. पुढे कायदे बदलले आणि २०२२ साली घरकामगारांची नोंदणी मालकांवर बंधनकारक झाली. कागदावरचं घरोघरी पोचायला अजून अवकाश आहे, पण कागद तरी झाला. घरकामगारांच्या हक्कांविषयीचा २०११ सालचा आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेचा करार मेक्सिकोने मान्य केला आहे. भारताने अजून केलेला नाही.

योगायोग असा की, त्याच २०१८ साली ‘रोमा’ नावाचा सिनेमा आला. त्यात मोलकरणीच्या भूमिकेत यालित्सा आपारिसिओ होती. तीही ओआहाकाची, खरोखरच आदिवासी, शिक्षिका होण्याचं शिक्षण घेतलेली आणि याआधी कधी अभिनय न केलेली. तिला ऑस्करचं नामांकन मिळालं, तेव्हा एका टेलेनोव्हेला नटाने तिच्या जातकुळीवरून हिणकस बोल काढले. ते बाहेर आल्यावर त्याला माफी मागावी लागली. पहिल्या मारिया इसाबेलपासून पन्नास वर्षांनी तो चेहरा पडद्यावर आला आणि तेव्हाही तो काहींना सहन झाला नाही. पण यालित्सा गप्प बसली नाही. ती घरकामगारांच्या हक्कांसाठी जाहीरपणे बोलू लागली, तेव्हा तिच्या कानात कुणी वाक्यं वाचत नव्हतं.

तर मैत्रिणींनो, मालिका हे विष की औषध, या भांडणात मला रस उरलेला नाही. सिल्वियाने पडद्यावर तेच केलं जे तिच्या कानात सांगितलं गेलं. कधी साबणाच्या कंपनीने, कधी सरकारने. पण समोर बसलेल्या बायकांनी त्यातून आपल्याला हवं ते उचललं. कुणी कामवालीलाही गोष्ट असते हे उचललं, कुणी शिवणाचा वर्ग उचलला, कुणी पुस्तक घ्यायला पहाटे रांग लावली. काहींनी सोसण्यातला मोठेपणाही उचलला. कुणी काय उचललं, हे घराबाहेर तिच्यासाठी कोणतं दार उघडं होतं त्यावर ठरलं. मालिका इच्छा जागी करू शकते. दार उघडण्याचं काम मालिकेचं नाही, ते आपलं आहे.

म्हणून माझी एक सूचना आहे. मालिकेच्या वेळेला बैठक ठेवून बायका येत नाहीत म्हणून चिडू नका. एखाद्या संध्याकाळी त्यांच्याबरोबर बसून मालिकाच बघा. मग टीव्ही बंद करून तीन प्रश्न विचारा. हिच्या कानात कोण बोलतंय? हिच्या जागी तू असतीस तर काय केलं असतंस? आणि ते करायला तुला आज कुठलं दार बंद आहे? तिसऱ्या प्रश्नाची जी उत्तरं येतील, ती लिहून घ्या. पुढच्या वर्षाचा कार्यक्रम त्यातून तयार होईल.